मधाची चव आणि माळावरची झाडे

महाबळेश्वरजवळचे मांघर २०२२ साली 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. तेथे जांभळाचा मध किंचित कडवट, तर सात-आठ वर्षांनी फुलणाऱ्या कारवीचा दाट आणि गडद. मधाची चव ठरते ती भूमी आणि ऋतू यांनी. मग सोलापूरच्या कोरड्या माळाचा मध कोणता? चैत्रात कडुनिंबाचा, पावसाळ्यात बोरी-बाभळींचा, माघात करडईचा! चिंचोळीसारख्या औद्योगिक वसाहतीत कारखाने हवेतच. परंतु शोभेच्या हिरवळीत मधमाशीला मकरंद कोठून मिळणार? प्रत्येक भूखंडाच्या कडेला कडुनिंब, करंज, बाभूळ राखण्याचा दंडक औद्योगिक विकास महामंडळाने घालावा. झाडेच उरली नाहीत, तर या माळाची चव बाटलीत कोठून येणार?