खेळाडूला लेखी द्या!

"कॉलेजच्या पोरांनी पैशासाठी खेळू नये." आमच्या चिरनेरमध्ये हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता त्याची चीड येते. बोलणारे बहुतेक माझेच काका, मामा आणि मेहुणे (हे वाचतील आणि रागावतील. रागावोत!). त्यांचं म्हणणं असं, की विद्यार्थ्याने कॉलेजच्या नावासाठी खेळावं. पैसा आला की खेळ नासतो.

मला एवढंच विचारायचंय, पैसा आलेला नाही असं कोण म्हणतं?

आपल्या उरण-पनवेल भागात खेळ म्हणजे कबड्डी. थंडी पडली की गावोगाव प्रकाशझोतातले सामने सुरू होतात. रोख बक्षिसं असतात, चांगल्या चढाईपटूला दुसऱ्या गावचं मंडळ गुपचूप बोलावतं, आणि ते काही फक्त चहा पाजून नव्हे. २०१४ मध्ये प्रो कबड्डी आली. कोल्हापूरकडच्या सिद्धार्थ देसाईला २०१८ च्या लिलावात ३६ लाख ४० हजार मिळाले, पुढच्याच वर्षी १ कोटी ४५ लाख! आणि या खेळाच्या राष्ट्रीय महासंघाचं नाव काय? 'अमॅच्युअर कबड्डी फेडरेशन ऑफ इंडिया'. म्हणजे हौशी बरं का!

कॉलेजांचंही तेच. विद्यापीठांच्या क्रीडा कामगिरीसाठी केंद्र सरकार मौलाना अबुल कलाम आझाद करंडक देतं. २०२४ चा करंडक चंडीगढ युनिव्हर्सिटीला मिळाला, उपविजेती लव्हली प्रोफेशनल. दोन्ही खाजगी. करंडक आला की जाहिरात आली, जाहिरातीमागून प्रवेश आले, आणि प्रवेशाबरोबर फी. यात गैर काही नाही. पण त्या साखळीत प्रत्येकाला आपला वाटा ठाऊक असतो, फक्त मॅटवर गुडघे फोडून घेणाऱ्या पोराला तो कोणी कागदावर दाखवत नाही.

आमच्या नात्यातल्या एका मुलाचं सांगतो. बारावीनंतर त्याला परराज्यातल्या एका विद्यापीठातून फोन आला. फी माफ, हॉस्टेल फुकट, खुराक वेगळा. सगळं फोनवर. घरात पेढे वाटले. दुसऱ्या वर्षी सरावात गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. ऑपरेशनचा खर्च बापाने केला. पुढच्या सत्रात "खेळत नाहीस तर सवलत कसली?" म्हणून फीची नोटीस हातात पडली. परत येऊन इथल्या कॉलेजात नाव घालावं म्हटलं, तर मायग्रेशन सर्टिफिकेट आधी थकबाकी भरा, मग मिळेल. त्याच्याकडे दाखवायला काय होतं? एक फोन नंबर. तोही आता कोणी उचलत नव्हतं.

याला तुम्ही हौशी खेळ म्हणता? ही मजुरी होती, फक्त बिनकागदाची.

अमेरिकेत हेच दशकानुदशकं चाललं. तिथे कॉलेजच्या फुटबॉल-बास्केटबॉलवर प्रचंड पैसा मिळायचा, प्रशिक्षकांना कोट्यवधी, खेळाडूला मात्र शिष्यवृत्ती आणि विद्यार्थीधर्माचं प्रवचन. शेवटी गोष्ट कोर्टात गेली. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर कमावता येऊ लागलं. जून २०२५ मध्ये कोर्टाने तडजोड मंजूर केली. जुन्या खेळाडूंना सुमारे २.८ अब्ज डॉलर, आणि यापुढे कॉलेजांनी खेळाडूंना थेट पैसे द्यायचे, पहिल्या वर्षी प्रत्येक संस्थेला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा. मधल्या काळात कॉलेज बदलण्यावरची बंधनंही गळून पडली आणि दरवर्षी नवं कॉलेज धरणारे खेळाडू दिसू लागले. आमचे मामा म्हणतात, "बघ, पैसा दिला म्हणून गोंधळ झाला." मी म्हणतो, वेळेवर नियम केले नाहीत म्हणून झाला. धरणाला दार ठेवलं नाही की भिंत फुटते.

"आमच्या छोट्या कॉलेजांनी पैसे आणायचे कुठून?" हा प्रश्न खरा आहे. म्हणून मी पगार मागतच नाही. मी कागद मागतोय. जे देणार ते लिहा. काहीच देणार नसाल तर "काही देत नाही" असं लिहा. दुखापत झाली तर उपचार कोणाचे, आणि पदवी पूर्ण होईपर्यंत फीची सवलत टिकणार का, तेही लिहा. कॉलेज सोडायचं झालं तर एकदा विनाअडथळा सोडता यावं. दुसऱ्यांदा कारण विचारा, माझी हरकत नाही. चार वर्षांत चार कॉलेजं फिरणाऱ्याच्या हाती पदवी कुठली लागणार? पण आंतरविद्यापीठ स्पर्धांत वय २५ पर्यंतच चालतं. त्या मोजक्या वर्षांतलं एक वर्ष दाखल्यासाठी अडवणं म्हणजे सरळ लूट आहे.

हे करायचं कोणी? आंतरविद्यापीठ स्पर्धा भारतीय विद्यापीठ संघ भरवतो. १९२५ पासूनची संस्था, शंभरी झाली. एक पानाचा नमुना करार सक्तीचा करायला आणखी किती वर्षं हवीत? २०२५ मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा आला, त्यात क्रीडा न्यायाधिकरणही आहे. पण त्याचा भर राष्ट्रीय महासंघांवर. कॉलेजचा पोरगा पुन्हा कुंपणाबाहेरच.

आणि "खेळ नासतो" म्हणणाऱ्या माझ्या वडीलधाऱ्यांनो, खेलो इंडियात निवडलेल्या पोराला सरकार वर्षाला १ लाख २० हजार हातखर्च देतं. तेव्हा तुम्ही हार घेऊन जाता! रक्कम उघड आहे, नियम छापलेले आहेत, म्हणून तो पैसा तुम्हाला घाण वाटत नाही.

तोंडी शब्दाची किंमत आपल्याला कोणी शिकवायला हवी का? जमिनी गेल्या तेव्हा आश्वासनं कमी नव्हती. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर याच उरण तालुक्यात गोळ्या चालल्या, पाच जण गेले, तेव्हा कुठे साडेबारा टक्क्यांचं तत्त्व मान्य झालं. त्यानंतर आपण सातबारा दोनदा वाचायला शिकलो. मग घरातला वीस वर्षांचा पोरगा नुसत्या फोनवर का धाडतो?

पुढचा फोन येईल तेव्हा पेढे जरूर आणा. पण आधी कागद मागा.