अक्षर कोणाचे?

रहाटणीत माझ्या जाण्यायेण्याच्या वाटेवर एका पेंटरकाकांचे दुकान आहे. पूर्वी ते दुकानांच्या पाट्या कुंचल्याने रंगवीत. आता ते संगणकावर फलक तयार करतात. मी एकदा त्यांना विचारले, "काका, आता काम सोपे झाले ना?" ते म्हणाले, "सर, काम लवकर होते; पण अक्षर माझे राहत नाही."

संगणकामुळे कला मरते, असे काही लोक म्हणतात. मला ते पटत नाही. बोरूची लेखणी व कुंचला हीसुद्धा साधनेच आहेत. प्रश्न एवढाच, की नवे साधन बनवताना कलावंताला विचारले होते का?

आपल्या उर्दूचे उदाहरण घ्या. नस्तालीक लिपीत शेजारच्या अक्षराप्रमाणे अक्षराचा आकार बदलतो आणि शब्द उजवीकडून डावीकडे उतरत जातो. म्हणून कितीतरी वर्षे उर्दू वृत्तपत्रे कातिब हाताने लिहीत. पुढे मिर्झा अहमद जमील या सुलेखनकाराने सुमारे 20,000 जोडाकृती तयार केल्या. त्यांतून 1981 मध्ये 'नूरी नस्तालीक' ही संगणकीय अक्षरे आली. मराठीतही असेच घडले. सुलेखनकार र. कृ. जोशी (1936–2008) यांनी मुंबईत संगणकतज्ज्ञांबरोबर काम केले. त्यांनी रेखाटलेला 'मंगल' हा देवनागरी टंक विंडोज 2000 बरोबर घरोघरी पोचला.

या दोघांमुळे सर्वांना चांगली अक्षरे मिळाली. पण पेंटरकाकांची गरज निराळी आहे. त्यांना दुसऱ्याचे तयार अक्षर नको. स्वतःचे वळण हवे. हाताचा दाब व तिरकेपणा ओळखणारी संगणकीय लेखणी आता मिळते. परंतु तेवढ्याने भागत नाही. चित्रकार दहा रेघा काढतो, नऊ खोडतो आणि कधी खोडलेल्या रेघेकडेच परत येतो. चांगल्या साधनाने त्याच्या सर्व रेघा जपून ठेवाव्यात, मागितल्यावर दाखवाव्यात. त्याच्याऐवजी निवड मात्र करू नये.

विद्यार्थी मित्रांनो, हिंजवडी आपल्यापासून दूर नाही. उद्या तुमच्यापैकी काहीजण तेथे संगणकाची साधने तयार करतील. तेव्हा आधी एखाद्या पेंटरच्या शेजारी बसा आणि त्याचा हात कसा चालतो ते पाहा. पाटी लवकर तयार व्हावी, हे बरेच. पण तिच्यावरचे अक्षर त्याला आपले वाटले पाहिजे.