फेरफार

तलाठ्याच्या कचेरीत ज्यानं एकदा तरी हेलपाटे घातलेत, त्याला ‘फेरफार’ या शब्दाचा धसका असतो. सातबाऱ्यावरची एक ओळ बदलते. विहीर जागच्या जागी, बांध जागच्या जागी, बांधावरची बोरही जागच्या जागी. जमीन तेवढी दुसऱ्याची झालेली असते. सिनेमावाल्यांच्या तोंडी मात्र हा शब्द फार सौम्य होऊन येतो. ‘कथेच्या सोयीसाठी थोडाफार फेरफार केला आहे.’ अमेरिकन युद्धपटांकडे कुणी इतिहासाच्या अंगानं बोट दाखवलं की त्यांचे चाहते हेच वाक्य पुढे करतात. त्यातला ‘थोडाफार’ मला चालतो. खटकतो तो ‘फेरफार’, कारण तो पुष्कळदा कचेरीतल्या अर्थानं खरा असतो.

हे सिनेमे मला आवडत नाहीत असं नाही. ‘द ग्रेट एस्केप’ किती वेळा पाहिला ते मोजायचं मी सोडून दिलंय. त्यामुळे या भांडणात मी तिऱ्हाईत नाही, घरातलाच आहे.

दुसऱ्या बाजूला माझा एक भाचा आहे. ‘बॅटल ऑफ द बल्ज’ लागला की तो रिमोट हातात घेऊन बसतो आणि जर्मन रणगाडा आला रे आला की चित्र थांबवतो. ‘मामा, हा टायगर नाही. हा युद्धानंतरचा अमेरिकन पॅटन आहे, वर जर्मन क्रॉस रंगवलाय.’ त्याचं बरोबर असतं. १९६५ सालचा हा सिनेमा स्पेनमध्ये चित्रित झाला. आर्देनच्या बर्फातली लढाई शेवटी कोरड्या, धुळीच्या माळावर लढली गेली. जॉन वेनच्या ‘द ग्रीन बेरेज’मध्ये (१९६८) तर शेवटी व्हिएतनामच्या किनाऱ्यावर सूर्य समुद्रात मावळतो. तो किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे. सूर्य पश्चिमेला उगवेल ही आपल्याकडे अशक्याची शेवटची हद्द. त्यांनी तो पूर्वेला मावळवून दाखवला. पण खरं सांगू का, या चुकांनी माझी झोप उडत नाही. गणवेशाची बटणं मोजणाऱ्यांची जमात सिनेमावाल्यांच्या पथ्यावरच पडते. बटणांवर वाद झडत राहतो आणि खरी नोंद कुणी तपासत नाही.

ती कशी बदलते, हे ‘यू-५७१’मध्ये दिसतं. सन २००० चा हा सिनेमा. १९४२ साल, अमेरिकन नौसैनिक जर्मन पाणबुडीवर चढतात आणि एनिग्मा हे सांकेतिक यंत्र हस्तगत करतात. प्रत्यक्षात ९ मे १९४१ रोजी ब्रिटिश विनाशिका ‘बुलडॉग’च्या खलाशांनी यू-११० ही पाणबुडी गाठली. डेव्हिड बाम हा वीस वर्षांचा अधिकारी सर्वांत आधी तिच्या पोटात उतरला. खलाशांनी शिडीवर साखळी धरून संकेतांच्या वह्या आणि यंत्र वर काढलं. अमेरिका तेव्हा युद्धात नव्हतीच. पर्ल हार्बरला अजून सात महिने होते. सिनेमा लागला तेव्हा ब्रिटिश संसदेत प्रश्न उठला आणि पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी हा त्या नाविकांचा अपमान असल्याचं मान्य केलं. पटकथाकारांपैकी डेव्हिड आयर यांनी काही वर्षांनी उघडपणे खंत व्यक्त केली.

आता पूर्वपक्ष म्हणतो, शेवटच्या पाट्यांमध्ये ब्रिटिश जहाजांची नावं दिली आहेत की! दिली आहेत. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ नावाचा एक रकाना असतो. कुळाचं, बोज्याचं, विहिरीतल्या हिश्श्याचं तिथं लिहितात. मूळ मालकाला तिथं ढकलून ‘नाव तर आहे ना?’ असं विचारणाऱ्याला गावात काय म्हणतात ते इथं छापता येणार नाही.

‘सिनेमाला नाट्य लागतं, नुसत्या इतिहासावर तिकिटं खपत नाहीत,’ हा दुसरा आक्षेप. तो ऐकला की मला ३० ऑक्टोबर १९४२ ची रात्र आठवते. भूमध्य समुद्राच्या पूर्व भागात ‘पेटार्ड’ या ब्रिटिश विनाशिकेनं यू-५५९ ला पाण्यावर यायला भाग पाडलं. जर्मन खलाशी तिला सोडून पाण्यात उतरलेले, पाणबुडीत पाणी भरत चाललेलं. टोनी फॅसन हा अधिकारी आणि कॉलिन ग्रेझियर हा खलाशी अंधारात पोहत तिथं गेले आणि आत उतरले. मागोमाग टॉमी ब्राउन पोचला. हा जहाजावरच्या कॅन्टीनमधला पोऱ्या. वय सोळा, तेही खोटं सांगून भरती झालेला. खालून दोघं वह्या देत होते, हा शिडीवरून वर पोचवत होता. मग पाणबुडी एकाएकी बुडाली. पोरगा वाचला, ते दोघं आत गेले. त्या वह्यांमुळे जवळपास दहा महिने बंद पडलेलं जर्मन पाणबुड्यांच्या संदेशांचं वाचन त्याच डिसेंबरात पुन्हा सुरू झालं. ब्राउनला जॉर्ज मेडल मिळालं, पण वय उघडकीला आल्यामुळे घरी जावं लागलं. १९४५ साली घराला लागलेल्या आगीत बहिणीला वाचवायला गेला आणि त्यातच गेला.

यात नाट्य कमी पडलं म्हणता? यात कमी होतं ते एकच. त्या रात्री तिथं एकही अमेरिकन नव्हता.

तिसरा आक्षेप रोखठोक असतो, म्हणून मला त्यातल्या त्यात बरा वाटतो. पैसा त्यांचा, प्रेक्षक त्यांचा, मग नायक त्यांचा का नको? १९४५ साली वॉर्नर कंपनीनं ‘ऑब्जेक्टिव्ह, बर्मा!’ काढला तो याच हिशेबानं. एरॉल फ्लिनच्या हाताखालचे अमेरिकन छत्रीधारी सैनिक ब्रह्मदेशच्या जंगलात उतरतात, जपानी रडार केंद्र उडवतात आणि मरत-झुंजत बाहेर पडतात. जंगल बरंचसं कॅलिफोर्नियातलं. फ्लिन तर जन्मानं ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाचा, म्हणजे नायकाचाही फेरफार झालेलाच होता! इंग्लंडमध्ये असा गदारोळ उठला की कंपनीला सिनेमा मागे घ्यावा लागला. तिथं तो पुन्हा लागला १९५२ साली. ब्रह्मदेशात अमेरिकन लढलेच नाहीत असं नव्हे. मेरिलच्या तुकडीचे सुमारे तीन हजार जवान उत्तर ब्रह्मदेशात रोगराई आणि उपासमार सोसत लढले, आणि त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण त्या आघाडीवरचा मुख्य भार चौदाव्या सैन्यावर होता. ते लाखोंचं सैन्य आणि त्यात बहुसंख्य हिंदी.

म्हणजे हरकत घेतली गेली, पण ती ब्रिटिशांच्या वतीनं. आमच्या वतीनं हरकत घेणार कोण? मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या उखरूलजवळ संगशाक या डोंगरमाथ्यावरच्या गावात पन्नासावी हिंदी पॅराशूट ब्रिगेड जपान्यांच्या वेढ्यात सापडली. तिच्यात खरेखुरे हिंदी आणि गुरखा छत्रीधारी होते आणि सोबत होती पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण, घाटावरच्या आणि कोकणातल्या पोरांची. जमीन खडकाळ, खंदक खणता येईनात. काटेरी तार नाही. प्यायला पाणी नाही. विमानातून टाकलेली रसद वाऱ्यानं बरीचशी जपान्यांच्या बाजूला जाऊन पडत होती. २२ ते २६ मार्च हे लोक तिथं टिकून राहिले आणि कोहिमाकडे निघालेली जपानी फौज तेवढे दिवस अडकून पडली. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या थिएटरात बसलेल्या माणसानं ब्रह्मदेशची सीमा कुणी राखली ते पाहिलं, आणि त्यात या पलटणीचा मागमूस नव्हता. त्याला दोष कसा द्यायचा? त्याला जो उतारा दाखवला तो त्यानं वाचला.

आणि ‘आपल्याकडे काय वेगळं होतं?’ हा चौथा आक्षेप मी मुळीच टाळणार नाही. ‘बॉर्डर’मध्ये (१९९७) लोंगेवालाचे पाकिस्तानी रणगाडे उद्ध्वस्त करण्यातला हवाई दलाच्या हंटर विमानांचा मोठा वाटा शेवटच्या काही मिनिटांत आटोपला. आणि सुनील शेट्टीनं रंगवलेला भैरोंसिंह पडद्यावर धारातीर्थी पडला. खरे भैरोंसिंह राठोड २०२२ पर्यंत हयात होते. जिवंत माणूस कागदोपत्री मयत, हाही आपल्या कचेऱ्यांना नवा नसलेला प्रकार. पण शेजाऱ्यानंही बांध कोरलाय म्हणून माझं कोरणं कायदेशीर होत नाही. शिवाय एक फरक आहे. ‘बॉर्डर’ वॉर्सात किंवा लिमात कुणी इतिहास म्हणून पाहत नाही. अमेरिकन सिनेमा मात्र जगभर पोचतो. जगाची तलाठी कचेरीच जणू तिथं आहे.

गुन्ह्याचाही फेरफार होतो, आणि तो जास्त वाईट. ‘द पॅट्रियट’मध्ये (२०००) अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातले ब्रिटिश सैनिक गावकऱ्यांना चर्चमध्ये कोंडून आग लावतात. त्या युद्धात असं काही घडलं नाही. घडलं ते १० जून १९४४ रोजी फ्रान्समधल्या ओरादूर-सुर-ग्लान गावात. नाझी एसएसच्या तुकडीनं सहाशेहून अधिक माणसं मारली. बायका-मुलांना चर्चमध्ये घालून. दिग्दर्शक रोलंड एमेरिख जन्मानं जर्मन आहेत, हा योगायोग ब्रिटिश समीक्षकांच्या नजरेतून सुटला नाही. ‘द डिअर हंटर’मध्ये (१९७८) व्हिएतनामी सैनिक कैद्यांना एका गोळीचं पिस्तूल कपाळाला लावायला भाग पाडून पैजा लावतात. असा प्रकार तिथं घडल्याचा पुरावा नाही. सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं आणि तो प्रसंग व्हिएतनामच्या नावावर कायमचा चढला.

यात सरकारी हातही असतो. पेंटॅगॉनकडून रणगाडे, जहाजं, हेलिकॉप्टर हवी असतील तर पटकथा आधी त्यांच्या नजरेखालून जाते. ‘द ग्रीन बेरेज’ला भरघोस मदत मिळाली, ‘प्लॅटून’ला नाही. ‘अपोकॅलिप्स नाऊ’वाल्यांना फिलिपीन्सच्या लष्कराची हेलिकॉप्टर घ्यावी लागली आणि ती चित्रीकरण अर्धवट सोडून बंडखोरांशी लढायला निघून जायची. ‘विंडटॉकर्स’च्या (२००२) पटकथेत एक अमेरिकन मरीन मेलेल्या जपान्याचे सोन्याचे दात काढतो असा प्रसंग होता. मरीन दलाला तो रुचला नाही, आणि प्रसंग गेला. असे दात काढले जात होते, हे त्या युद्धातल्या मरीन जवानांनीच लिहून ठेवलंय.

मग मला हवं तरी काय? सनावळ्या पडद्यावर लिहिणारा माहितीपट नकोय. ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’मधला कॅप्टन मिलर जगात कधी जन्मलाच नाही, रायनचा शोधही बहुतांशी कल्पित, तरी तो सिनेमा मला प्रामाणिक वाटतो. ओमाहा किनाऱ्यावर मेलेले अमेरिकन त्यानं अमेरिकनच ठेवले. (रेंजर्सना किनाऱ्यावर नेणाऱ्या होड्यांवर प्रत्यक्षात ब्रिटिश नावाडी होते, ते मात्र गळाले. भाचा हसतो आहे.) माणसं रचा, संवाद रचा, दहा दिवसांचे दोन करा. दुसऱ्याच्या जमिनीवर नाव चढवू नका, एवढंच.

आणि चूक वेगळी, फेरफार वेगळा. क्लिंट ईस्टवूड यांनी २००६ साली ‘फ्लॅग्स ऑफ अवर फादर्स’ काढला. इवो जिमावर झेंडा उभारतानाचं जगप्रसिद्ध छायाचित्र आणि त्यातल्या माणसांना प्रचारासाठी कसं गावोगाव फिरवलं, याची ती गोष्ट. पुढे २०१६ आणि २०१९ साली मरीन दलानंच जाहीर केलं, की सिनेमातल्या तीन प्रमुखांपैकी जॉन ब्रॅडली आणि रेने गॅन्यन त्या छायाचित्रात नव्हतेच. सिनेमा चुकला, पण जगाला जे ठाऊक होतं ते मनापासून मांडून चुकला. त्याच वर्षी ईस्टवूडनी तीच लढाई जपान्यांच्या बाजूनं, जपानी भाषेत, ‘लेटर्स फ्रॉम इवो जिमा’मध्ये सांगितली. शत्रूचा उतारा शत्रूच्या नावानं काढून दिला. पैसा अमेरिकन, स्टुडिओ अमेरिकन, दिग्दर्शक अमेरिकन. तेव्हा ‘पैसा त्यांचा म्हणून नायक त्यांचा’ हा युक्तिवाद त्यांच्याच माणसानं निकालात काढलेला आहे.

माझ्या लाडक्या ‘ग्रेट एस्केप’लाही सोडता येत नाही. मार्च १९४४ मध्ये स्टालाग लुफ्ट ३ या छावणीतून ७६ जण निसटले, ७३ पकडले गेले, ५० जणांना गोळ्या घातल्या. सिनेमा त्या पन्नासांना विसरत नाही, म्हणून मी त्याला बरंच माफ करतो. भुयारं खणायला अमेरिकन कैद्यांनी हातभार लावला होता, पण सुटकेच्या काही महिने आधी त्यांना दुसऱ्या आवारात हलवलं होतं. निसटलेल्यांत अमेरिकन सैन्यातला एकही नव्हता. लोकांच्या डोळ्यांपुढे मात्र काय येतं? स्टीव्ह मॅक्वीन मोटरसायकलवरून काटेरी कुंपण ओलांडतोय. मलाही तेच आठवतं.

थायलंडमध्ये तर पडद्यावरचा फेरफार सरकारदरबारी मंजूर झालाय. ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ (१९५७) ही अमेरिकन कंपनी आणि ब्रिटिश दिग्दर्शक यांची निर्मिती, चित्रीकरण सिलोनचं. कादंबरीतला शिअर्स हा ब्रिटिश अधिकारी पडद्यावर अमेरिकन झाला. खरा पूल क्वायवर नव्हताच, तो मे क्लाँग नदीवर होता. सिनेमा पाहून आलेले पर्यटक क्वायवरचा पूल शोधायला लागले, तेव्हा १९६० साली नदीच्या त्या भागाचंच नाव बदलून ख्वे याई करण्यात आलं. जपान्यांनी ज्या रेल्वेसाठी तो पूल बांधून घेतला, तिच्या कामावर दोस्तांचे बारा हजारांवर युद्धकैदी मेले. त्यांच्या कितीतरी पट मजूर मेले, तो आकडा नव्वद हजारांच्या आसपास धरला जातो. त्यांत मलायाच्या रबरमळ्यांतून नेलेले तमिळ पुष्कळ होते. सिनेमात ते जवळजवळ नाहीत. कांचनाबुरीच्या दफनभूमीत युद्धकैद्यांच्या जवळपास सात हजार कबरी ओळीनं आहेत, हिरवळ राखलेली. तमिळांसाठी तशा ओळी नाहीत. पर्यटक पुलावर उभे राहतात, फोटो काढतात, आणि त्यांच्यातला कुणी ना कुणी सिनेमातली ती धून शिट्टीवर वाजवतो.