बिजागरी तुटली, दोष कुणाचा?



कऱ्हाडात माझा डीटीपीचा छोटा व्यवसाय आहे. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, शाळांची हस्तलिखिते, सगळे काम एका लॅपटॉपवर चालते. हप्त्याने घेतलेल्या या लॅपटॉपची डावी बिजागरी अकराव्या महिन्यात निखळली. तो पडला नव्हता की आपटला नव्हता. सकाळी उघडायचा, रात्री मिटायचा, एवढाच वापर. आधी उघडताना 'कट्' असा आवाज येई. मग एके दिवशी कोपऱ्याचे प्लास्टिक फाकले.

वॉरंटी होती म्हणून एसटीने कोल्हापूरचे अधिकृत सर्व्हिस सेंटर गाठले. काउंटरवरच्या मुलाने आत काय झाले आहे ते न पाहताच जॉबशीटवर 'सीआयडी' लिहिले. विचारल्यावर कळले, म्हणजे ग्राहकाने केलेले नुकसान. वॉरंटी लागू नाही. कव्हर, बिजागऱ्या आणि मजुरी मिळून ११,८०० रुपये, पार्ट यायला तीन आठवडे. ऐन लग्नसराईत! कंपनीच्या हेल्पलाइनला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा नवा तक्रार क्रमांक मिळाला, उत्तर तेच.

शेवटी गावातल्या दुरुस्तीवाल्याने माझ्यासमोर लॅपटॉप खोलला. बिजागरी शाबूत होती. तिचे स्क्रू ज्या पितळी नटांत बसतात ते हरभऱ्याच्या डाळीएवढे, नुसते प्लास्टिकमध्ये रुतवलेले. तिन्ही नट भोवतालच्या प्लास्टिकच्या चकतीसकट उपटून आले होते. बिजागरी कडक आणि तिला धरणारे प्लास्टिक पातळ, म्हणजे प्रत्येक उघडझापीला ओढ त्या नटांवरच येणार. त्याने माळ्यावरून याच मॉडेलची आणखी चार कव्हरे काढून दाखवली. चारही त्याच जागी फाटलेली. चार अनोळखी माणसांनी नेमकी तीच जागा फोडली, असे कंपनीचे म्हणणे असेल तर ते मला मान्य नाही. हा रचनेतला दोष आहे आणि त्याचा खर्च कंपनीनेच सोसला पाहिजे.

त्या कारागिराने धातूची पट्टी टाकून आरपार बोल्ट मारले. ९०० रुपये, दोन दिवस. मूळ कव्हर त्याला हवे होते, पण कंपनी ते बाहेर विकत नाही. बाहेरच्यांनी हात लावणे धोक्याचे असते, असे कंपन्या सांगतात. बॅटरीच्या बाबतीत ते खरेही आहे. फुगलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते. पण म्हणूनच अस्सल बॅटरी खुल्या बाजारात मिळायला हवी. ती मिळत नाही म्हणून लोक डुप्लिकेट बसवून घेतात, आणि धोका वाढतो तो त्यामुळे.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. तरी साताऱ्याला तारखांना जायचे तर दुकान बंद ठेवावे लागते, आणि बहुतेक जण तिथेच हात टेकतात.

फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपसह पाच प्रकारच्या वस्तूंवर दुरुस्ती किती सोपी, याचे दहापैकी गुण छापणे बंधनकारक केले. सुटे भाग मिळतात का आणि केवढ्याला, हेही त्या गुणांत मोजले जाते. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २०२४ मध्ये अशाच निर्देशांकासाठी समिती नेमली आणि २०२५ मध्ये तिचा अहवालही आला. विभागाने हे गुण लॅपटॉपच्या खोक्यावर छापणे सक्तीचे करावे आणि सुटे भाग स्थानिक दुरुस्तीवाल्यांना जाहीर किमतीत विकण्याची अट घालावी.

वाचकांना एवढीच विनंती, की जॉबशीटवर 'सीआयडी' लिहिले गेले तर सही करण्याआधी कारण लेखी मागा आणि आतल्या भागाचा फोटो काढून घ्या. मी तो काढला नाही, म्हणून आज माझ्या हातात पुरावा नाही.

– एक डीटीपी व्यावसायिक, कऱ्हाड