मागचं इंजिन

कर्जत स्टेशनात कधी थोडा वेळ थांबला असाल, तर मैत्रिणींनो, तुम्ही हे पाहिलंच असेल. पुण्याकडे निघालेल्या गाडीला मागून आणखी इंजिनं लावतात. बोरघाटाचा चढ ३७ फुटांना १ फूट असा खडा आहे, तो पुढच्या एकट्या इंजिनाला झेपत नाही. मागून ढकलणाऱ्या या इंजिनाला रेल्वेची माणसं 'बँकर' म्हणतात. गेल्या वर्षी आमच्या घरात हे बँकरचं काम मी अंगावर घेतलं होतं. गाडी घाट चढायची तर राहोच, ती फलाटावरून हलेचना!

झालं असं, की पावसाळ्याच्या तोंडावर यांच्या ऑफिसात सगळ्यांची तपासणी झाली. तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी जी रक्ताची तपासणी असते, एचबीएवनसी म्हणतात ती, तिचा आकडा आला ६.३. हा आकडा ५.७ च्या आत असावा, ६.५ झाला की मधुमेह म्हणतात. आमच्या डॉक्टरांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "गोळी अजून नको. चार-पाच किलो उतरवा आणि रोज घाम गाळा." यांनी मान डोलावली, कागद घडी करून पाकिटात ठेवला, आणि घरी येऊन जिलेबी आहे का विचारलं.

हे ४२ वर्षांचे. सासरे ५४ व्या वर्षी गेले. खालापूरच्या घरी, सकाळचा चहा हातात असताना. मी तेव्हा या घरात नवीनच होते. कप फुटल्याचा आवाज मला अजून आठवतो. पण मी हे कुणाशी बोलत नाही.

यांचा दिवस कसा, तर पहाटेची लोकल, रात्री साडेआठ-नवाला घरी. कर्जत ते मुंबई १०० किलोमीटर, जायला दोन तास, यायला दोन तास, मध्ये आठ तास खुर्ची. म्हणजे रोज २०० किलोमीटर फिरणारा हा माणूस स्वतः जेमतेम अर्धा-पाऊण किलोमीटर हलतो! लंडनमध्ये बसच्या ड्रायव्हर-कंडक्टरांचा एक अभ्यास झाला होता, तो मला आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी सांगितला. डॉ. जेरी मॉरिस यांनी तो १९५३ साली प्रसिद्ध केला. बस तीच, दुमजली. पण दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त आणि सारखे जिने चढणाऱ्या कंडक्टरांना कमी, असं त्यात निघालं. पुढे १९५६ साली त्याच मंडळींनी गणवेशाच्या विजारींची मापं तपासली, तेव्हा अगदी तरुण ड्रायव्हरांची कंबरसुद्धा कंडक्टरांपेक्षा मोठी निघाली. म्हणजे सगळा दोष खुर्चीचा नव्हे, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. मला मात्र त्या विजारींचं भारी कौतुक वाटलं. नवऱ्याच्या पँटची कंबर उसवून दिली की आपल्याला कळतंच ना, कुठल्याही तपासणीच्या आधी?

फिरायला जा म्हणावं, तर केव्हा? पहाटे अंधार, रात्री अंधार, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्याकडचा पाऊस. छत्री उलटी होते, रस्त्यातले खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत. तेव्हा जे काही करायचं ते घरातच, हे मला कळून चुकलं. आणि सायकल कुटुंबातच होती. आमच्या मोठ्या दिरांनी खालापूरला घरात चालवायची सायकल घेतली होती. ते खोपोलीला कारखान्यात, पाळीची नोकरी. आठ दिवस चालवली, मग तिच्यावर मच्छरदाणी वाळू लागली. जाऊबाई म्हणाल्या, "ने बाई, माझी जागा तरी मोकळी होईल." चौकमार्गे टेम्पोतून ती कर्जतला आली.

आता माझ्या चुका ऐका, कारण त्या तुम्हीही कराल. पहिली चूक, मी शिक्षिका! दुसऱ्या दिवशी फ्रिजवर वेळापत्रक लागलं. सोमवार ते शनिवार, रात्री ९.१५, पुढे मिनिटांचा रकाना आणि माझी सही. दुसरी चूक त्याहून मोठी. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली 'रेस अक्रॉस अमेरिका' ही शर्यत दोघांत मिळून नऊ दिवसांच्या आत पुरी केली. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत, जवळजवळ ४,८०० किलोमीटर! त्यांची माहिती मी सुवाच्य अक्षरात लिहून सायकलसमोरच्या भिंतीवर लावली. वाटलं, स्फूर्ती येईल. यांनी ती वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "मला खोपोलीला जायचं म्हटलं तरी लोकल लागते." तिसरी चूक म्हणजे पाहुण्यांसमोर विषय काढणं. ती सांगत नाही, तुम्हाला माहीत आहे.

एके रात्री मी रकान्यात लाल पेनने शून्य काढत होते. हे मागून आले. आवाज न चढवता म्हणाले, "मी तुझ्या वर्गातला मुलगा नाही." झालं! वेळापत्रक निघालं, सायकलवर टॉवेल पडला. पावसाळ्यात टॉवेल वाळायला ती जागा चांगली आहे हे जाऊबाईंचं म्हणणं मला पटलं.

जुलैतल्या एका रात्री गाड्या बंद पडल्या. आमच्या मार्गावर ते नवीन नाही. २०१९ च्या जुलैत वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती, ते चित्र इथल्या प्रत्येक बाईच्या डोळ्यांसमोर असतं. यांचा फोन लागेना. साडेअकरा झाले, बारा झाले. हे साडेबाराला आले, चिंब भिजून, जिना चढताना धापा टाकत. मी दार उघडलं आणि ओरडायच्या ऐवजी रडायलाच लागले. तो फुटलेला कप, ५४ हा आकडा, सगळं बाहेर आलं. हे ओल्या कपड्यांनिशी स्वयंपाकघरात बसून राहिले. मग म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलंस? तू नुसतं पोट, पोट म्हणत होतीस."

खरंच होतं ते. काळजी म्हणून जे वाटत होतं ते माझ्या तोंडून निघताना टोमणा होऊन निघत होतं.

लगेच दुसऱ्या दिवशी हे सायकलवर बसले असं समजू नका. चार दिवस काही नाही, आणि मीही काही बोलले नाही. त्या चार दिवसांइतका व्यायाम मला उभ्या जन्मात झाला नसेल! पाचव्या दिवशी रात्री पान्याचा आवाज आला. हे सीट वर करत होते. दादांची उंची कमी, त्यामुळे यांचे गुडघे हँडलला लागत होते, हे त्यांनी कधी कुणाला सांगितलंच नव्हतं. तुम्हीही आधी हे पाहा. पेडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हावा. मग चवडा ठेवून चालवताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. सीट खाली असेल तर गुडघे दुखतात, वर असेल तर कंबर डुलते, आणि नवरा म्हणतो, मला सायकल मानवत नाही.

पहिल्या दिवशी सात मिनिटं. मीटरवर पावणेदोन किलोमीटर. आमचा सहावीतला चिरंजीव मीटर वाचून म्हणाला, "बाबा, अजून पळसदरीसुद्धा आली नाही." तिथून तो खेळच झाला. कर्जतहून खोपोलीच्या फाट्यावर पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी आणि खोपोली अशी स्टेशनं आहेत, सगळं मिळून १५ किलोमीटर. एका वहीत तो रोजचे किलोमीटर लिहायचा आणि स्टेशन आलं की पुकारा करायचा. वही त्याची, सही कुणाचीच नाही. खोपोली यायला आठवडा लागला. त्या दिवशी त्याने सायकलचा जोर वाढवायचा खटका दोन घरं पुढे फिरवला आणि ओरडला, "घाट लागला!"

आणि मग हे बोलायला लागले. खालापूरला लहानपणी मुंबई-पुणे सायकल शर्यत पाहायला सगळी पोरं जुन्या हमरस्त्यावर उभी राहायची. घाट आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणायचे. हे आणि दादा भाड्याच्या सायकलवर खोपोलीच्या पुढे जाऊन यायचे, पहिल्या वळणापर्यंत, आणि घरी मार खायचे. लग्नाला तेरा वर्षं झाली, मला यातलं काहीच माहीत नव्हतं! नाशिकच्या डॉक्टरांना भिंतीवर लावण्यापेक्षा खालापूरच्या या पोराची मी आधी चौकशी करायला हवी होती.

आता थोडं कामाचं. सुरुवातीला सात-दहा मिनिटं पुरेत, दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवावीत. पेडल मारताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत दम लागला की वेग बरोबर. हे बेताने चालवतात आणि ऑफिसातलं सगळं सांगतात. मी समोर बसून भाजी निवडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेलं माप आठवड्याला निदान १५० मिनिटं आहे, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असं काही हवं. त्यासाठी आम्ही कुठलंही यंत्र आणलं नाही. हात न टेकता खुर्चीवरून उठणं-बसणं दहा वेळा, भिंतीला हात लावून जोर दहा वेळा, थोडं थांबून पुन्हा. मांड्यांचे स्नायू शरीरातले मोठे. ते कामाला लागले की रक्तातली साखर ओढून घेतात. त्यामुळे साखरेच्या माणसाला सायकल चांगली.

पंखा समोर हवाच. रस्त्यावर वारा लागतो, घरात लागत नाही, आणि आपल्या दमट हवेत माणूस घामाने निथळतो. पाण्याची बाटली जवळ ठेवा. सायकलखाली जुनी रबरी चटई घाला, नाहीतर खालच्या मजल्यावरच्या वहिनी वर येतील. चालवून झाली की दांडी पुसून काढा, घामाने आणि पावसाळी हवेने गंज फार लवकर चढतो. भरल्या पोटी जोरात चालवू देऊ नका. आमच्याकडे आधी सायकल, मग जेवण. आणि रक्तदाब, साखर किंवा घरात हृदयविकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करायचंच नाही. छातीत दडपल्यासारखं झालं, चक्कर आली, तर उतरायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे. "गॅस असेल" हे उत्तर घरात चालू देऊ नका. आमच्याकडेही त्या सकाळी कुणीतरी तेच म्हणालं होतं.

खाण्याचं मी फारसं काढलं नाही. कर्जत स्टेशनचा बटाटेवडा रोजचा होता, तो आता शुक्रवारचा झाला आहे, आणि तोही यांनी आपण होऊन केला. मी वडा बंद म्हटलं असतं तर सायकलही बंद झाली असती, एवढं मी यांना ओळखते.

'नवऱ्याचं झालं, बाईचं काय?' असं तुमच्यापैकी कुणीतरी विचारणारच. शाळेतून एकला घरी आले की मी टॉवेल उचलून स्वतः बसते, वीस मिनिटं. दिवसभर घरकामात माझा व्यायाम होतोच असं मी वर्षानुवर्षं सांगत आले. पहिल्या दिवशी सहाव्या मिनिटाला उतरले! ओट्याशी उभं राहून पाय दुखतात, दम वाढत नाही, हे त्या दिवशी समजलं. चिरंजीवांनी माझं नाव वहीत वेगळ्या पानावर घातलं आहे. मी सध्या डोलवलीला आहे.

गणपतीत दहा दिवस सायकल कुणी पाहिली नाही, मोदकांचा हिशेब विचारू नका. नंतर पुन्हा पंधरा मिनिटांपासून सुरू करावं लागलं. नोव्हेंबरात तपासणी केली तेव्हा आकडा ५.९ होता आणि वजन साडेतीन किलोने उतरलं होतं. डॉक्टर "ठीक आहे, चालू ठेवा" एवढंच म्हणाले. कागद या वेळी पाकिटात गेला नाही, यांनी तो देवघराच्या फळीवर ठेवला. उसवलेली पँट मी पुन्हा टाचून दिली.

परवा खालापूरहून जाऊबाईंचा फोन आला. दादांच्या कारखान्यातही तपासणी झाली आणि आता त्यांना सायकल परत हवी आहे. हे म्हणाले, "देऊ की, पण घाट होऊ दे आधी." वहीप्रमाणे हे अजून खंडाळ्याच्या अलीकडे आहेत. टेम्पोवाल्याला मी पुढच्या रविवारचं सांगितलं आहे, आणि आमच्यासाठी कुणाची जुनी सायकल विकाऊ आहे का, याची चौकशी शाळेत सुरू केली आहे.