बांधावरची बाभूळ राहू द्या

पेरणीआधी बांध साफ करायचा म्हटलं, की पहिली कुऱ्हाड बाभळीवर पडते. काटे मोडतात, सावलीत पीक मार खातं, ही तक्रार खोटी नाही. पण तोडल्यावर त्या जागी काय येतं? काहीच नाही, नाहीतर वेडी बाभूळ.

आपल्या जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. त्यात पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेडकडची मुरमाड रानं. नोकरीच्या सुरुवातीला मीही गावोगाव शोभेची रोपं वाटली. उन्हाळ्यात टँकरचं पाणी माणसांनाच पुरेना, रोपांना कोण घालणार? खड्डे तेवढे उरले. शेजारच्या बांधावर शेळीच्या लेंडीतून उगवलेली बाभूळ मात्र गुडघाभर झाली होती. तिला कुणी तांब्याभर पाणी घातलं नव्हतं.

ही बाभूळ काय देते, ते जुन्या माणसांना विचारा. नांगर, कुळव, गाडीचं चाक तिच्याच लाकडाचं. शेंगा आणि पाला शेळ्यांना, डिंक घराला, फांद्या कुंपणाला. मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र जमिनीत आणतात. २०१३ आणि २०१९ साली जिल्ह्यात जनावरांच्या छावण्या उघडाव्या लागल्या, हे विसरू नका. दुष्काळात बांधावरचा पाला म्हणजे घरचा चारा.

सावलीची अडचण असेल तर रामकाठी बाभूळ लावा. ती सरळ उंच जाते, फांद्या खोडालगत राहतात. अगदी उथळ मुरमाच्या माळावर हिवर घ्या.

ओळख पक्की ठेवा. देशी बाभळीला पिवळी गोल फुलं आणि मण्यांच्या माळेसारख्या शेंगा येतात. वेडी बाभूळ अमेरिका खंडातून आलेली. तिची फुलं लांबट तुऱ्यात असतात. तिचं बी चुकूनही आणू नका.

उन्हाळ्यात शेंगा गोळा करा. उकळून उतरवलेल्या पाण्यात बी रात्रभर भिजवा आणि पहिल्या पावसावर थेट बांधावर टोका. दोन वर्षं काट्यांचं कुंपण ठेवा, पुढे खालच्या फांद्या छाटा.

गावच्या अधिकाऱ्यांनाही विनंती. लागवडीच्या यादीत बाभूळ, हिवर लिहा. झाडं किती लावली यापेक्षा तिसऱ्या उन्हाळ्यात किती उभी आहेत, ते मोजा. हिवरे बाजारने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळून डोंगर हिरवा केला. तो ठराव कागदावरचा नव्हता, गावाने पाळलेला होता.

यंदा निदान एका बांधावर पाच बाभळी राखा.