निरुपयोगी महानायक

अमेरिकेत १९९४ साली स्टीव्ह मेरेत्झ्की यांनी ‘सुपरहीरो लीग ऑफ होबोकेन’ हा संगणकीय खेळ रचला. त्यातले महानायक मोठे अजब! एकीला खोका न उघडता आतला पिझ्झा दिसतो, दुसरा कितीही तिखट पचवतो आणि म्होरक्या ‘क्रिमझन टेप’, नावातच लालफीत, कचेरीच्या अधिकारश्रेणीचे तक्ते आखतो. मी पोट धरून हसलो. पण खेळातली कोडी सुटतात ती अशाच करामतींनी. मग हसू ओसरले. आमचे चिरंजीव गणितात कच्चे; घरातली हरवलेली वस्तू मात्र तेच शोधून देतात. त्याला ‘कुचकामी’ म्हणण्याचा अधिकार मला कोणी दिला?